पूर्णिमाचा पहारा

पूर्णिमा,

तुझ्यावर लिहितेय. तुला विचारून लिहायला बसले असते तर तू 'नाही' म्हणाली असतीस, म्हणून न विचारता लिहितेय. तुझी पद्धतच ती. आधी 'नाही' म्हणायचं, मग विचार करायचा, आणि मग तेच काम सगळ्यांच्या आधी उरकून हात झटकायचे. विद्यार्थिनीगृहाच्या स्मरणिकेसाठी देणगीदारांवर लिहा, असं मंडळाचे अध्यक्ष म्हणाले होते. देणगीदारांचे फोटो जिन्यात लावलेले आहेत, हारही घालून झालेत. त्यांना आणखी काय हवं? विद्यार्थिनीगृहाची वेबसाइट गेली तीन वर्षं कोण सांभाळतंय, हे मात्र अर्ध्या मंडळाला ठाऊक नाही. वेबसाइट आपोआप चालते असंच त्यांना वाटतं, घरातला स्वयंपाक आपोआप होतो तशी.

इथून पुढे तुला 'तू' म्हणणं बंद. वाचणाऱ्यांना सगळं पहिल्यापासून सांगायला हवं. त्यात मीही येते, पण यमुनाबाई म्हणून. स्वतःला 'मी' म्हटलं की माणूस स्वतःच्या चुकांना सवलत देतो, आणि या प्रकरणात सवलत घेण्याची माझी लायकी नाही.

तर, पूर्णिमा दोनाडकर. गाव आरमोरीच्या पुढे, जंगलाच्या कडेला. वडील हिंमतराव, वनरक्षक. अठराव्या वर्षी ती पुण्यात आली तेव्हा एका हातात लोखंडी पेटी आणि दुसऱ्या हातात दहा किलो तांदूळ होते. पुण्यातला तांदूळ हा तांदूळच नव्हे, असं हिंमतरावांचं मत होतं. शनिवार पेठेतल्या विद्यार्थिनीगृहाच्या दारात त्यांनी ते पोतं उतरवलं, तेव्हाच्या चिटणीस यमुनाबाई यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "पोरगी बोलत नाही जास्त, पण खोटं बोलत नाही." त्याच रात्रीच्या गाडीनं ते परत गेले.

खरं तर पूर्णिमाचा फॉर्मच त्या वर्षी कचऱ्याच्या टोपलीत जायचा होता. तेव्हा कागदी फॉर्म असत. एका पाकिटातून नऊ फॉर्म आले, सगळे एकाच निळ्या शाईतले, एकाच अक्षरातले, आणि नऊही मुलींच्या नावापुढे एकच फोन नंबर. कार्यालयातले अनंतराव म्हणाले, "बाई, हे बनावट आहेत. कोणीतरी एकटाच बसून नऊ मुली तयार करतोय."

यमुनाबाईंनी त्या नंबरवर फोन लावला. पलीकडे पूर्णिमाच्या शाळेतले श्यामसुंदर सर होते. ते म्हणाले, "होय जी, म्याच लिवले. पोरींचं अक्षर माझ्याहून चांगलं हाय, पण फॉर्म मोजून नऊ आले. खाडाखोड झाली तर दहावा कुठून आणू?"

विषय संपला. नऊपैकी चार मुलींना जागा मिळाली, त्यांत पूर्णिमा. एका फोनचं काम होतं ते. चार मिनिटंही लागली नाहीत.

पुढे ती संगणकाची पदवी घेऊन हिंजवडीतल्या एका कंपनीत लागली. दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. पहिला पगार झाल्यावर पेढे घेऊन आली तेव्हा यमुनाबाईंनी विचारलं, "म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या?"

"हो बाई."

"आणि त्याचे पैसे देतात? पुण्यात हे काम लोक पिढ्यान् पिढ्या फुकट करत आलेत."

पूर्णिमा हसली नाही. तिला हसायला साधारण दोन दिवस लागतात. दोन दिवसांनी तिचा मेसेज आला, 'बाई, ते पिढ्यान् पिढ्या चांगलं होतं.'

विद्यार्थिनीगृहाचा प्रवेश ऑनलाइन करायचं ठरलं तेव्हा मंडळानं तिला विचारलं. ती 'नाही' म्हणाली आणि पंधरवड्यात वेबसाइट उभी करून दिली. साठ जागा, दीडशे-पावणेदोनशे फॉर्म, गुणांवर आणि घराच्या अंतरावर यादी. फॉर्म पोचला की मुलीला पडद्यावर एक नंबर मिळायचा. दोन वर्षं सुरळीत गेली. बिघडलं ते गेल्या वर्षी.

गेल्या जूनमध्ये एका दिवसात चार हजारांवर फॉर्म आले. नावं अशी, की उच्चार करायला जावं तर दात पडावेत. कुठल्या तरी देशातल्या कुठल्या तरी यंत्रानं शनिवार पेठेतल्या मुलींच्या खाटा मिळवण्यासाठी का झटावं, हे यमुनाबाईंना आजतागायत समजलेलं नाही. पूर्णिमा म्हणाली, यंत्राला कशाची खाट आणि कशाची पेठ, उघडं दार दिसलं की ते घुसतं. आठ दिवस कंपनीतून आल्यावर ती एकेक फॉर्म डोळ्यांनी वाचून खोटे बाजूला काढत बसली. बाराशेव्या फॉर्मनंतर कधीतरी तिनं यमुनाबाईंना फोन केला आणि नेहमीच्याच कोरड्या आवाजात सांगितलं, "बाई, पुढच्या वर्षी चिलटसुद्धा आत येणार नाही."

शब्दाची पक्की. यंदा तिनं पहारा बसवला. पहाऱ्याचे नियम तिनं मंडळाच्या बैठकीत समजावून सांगितले, आणि बैठकीत चहा आलेला असल्यामुळे फक्त यमुनाबाईंनी ऐकले. एक : मिनिटाच्या आत भरलेला फॉर्म यंत्रानं भरला असं समजायचं, कारण माणसाला स्वतःचं नाव-गाव लिहायलाही वेळ लागतो. दोन : एकाच मोबाइल नंबरवर तीनपेक्षा जास्त फॉर्म नकोत. तीन : इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीला एक पत्ता असतो; ज्या पत्त्यावरून असा लबाड फॉर्म आला, त्या पत्त्यावरून येणारं पुढचं सगळं आठवडाभर बंद. आणि चार : पहाऱ्याची स्वतःची कळ फक्त दोन ठिकाणांहून फिरेल, पूर्णिमाच्या कंपनीतून आणि विद्यार्थिनीगृहाच्या कार्यालयातून.

"ज्याला अडवलं त्याला काय दिसणार?" यमुनाबाईंनी विचारलं.

"अडवलंय असं सांगायचं नसतं. चोराला कळलं की तो दुसरा रस्ता शोधतो. काहीतरी गुळमुळीत लिहायचं. नंबर द्यायचा, तो आपल्याला आतून शोधायला कामी येतो."

पूर्णिमानं लिहून आणलेलं वाक्य होतं : 'काहीतरी अडचण आली आहे.' यमुनाबाईंना ते आवडलं नाही. हे काय, नळाला पाणी नसल्यासारखं! मंडळाला शंभरीकडे चाललेली परंपरा आहे, भाषा कशी सभ्य हवी. त्यांनी पेन काढलं आणि लिहिलं : 'आपल्या विनंतीची नोंद घेण्यात आली आहे. संदर्भ क्रमांक अमुक.'

पूर्णिमानं कागद दोनदा वाचला. "बाई, हे..." म्हणाली.

"काय हे?"

"काही नाही. छान आहे."

दहा वर्षांत ती यमुनाबाईंशी एवढंच खोटं बोलली.

यंदाच्या जूनची दहा तारीख, बुधवार, फॉर्मचा शेवटचा दिवस. संध्याकाळी पाचला खिडकी बंद, दुसऱ्या दिवशी सकाळी यादी. अकराच्या सुमारास पूर्णिमा कंपनीत एका परदेशी ग्राहकाच्या बैठकीची तयारी करत होती, तेवढ्यात श्यामसुंदर सरांचा फोन आला.

"पूर्णिमा, सर बोलतो. यादी कधी लागते गं?"

"उद्या सर. आपल्या शाळेतून किती जणींनी भरले यंदा?"

"चौदा! म्हणून तर इचारतो. चौदाच्या चौदा पोरींचे नंबर कागदावर लिवून भिंतीवर लावले म्या."

पूर्णिमानं बोलता बोलता यादी उघडली होती. त्या शाळेचं नाव एकदाही नव्हतं. आरमोरी तालुका म्हणून शोधलं, शून्य. जिल्हा म्हणून शोधलं, शून्य. ती दररोज रात्री ही यादी बघत होती. कोल्हापूर, नांदेड, नंदुरबार सगळं बघत होती, आणि आपल्याच जिल्ह्याची जागा रिकामी आहे हे तिच्या नजरेतून सुटलं होतं. चिलट आत आलं नाही या आनंदात होती ती.

"सर, त्या भिंतीवरचा एक नंबर वाचा बरं."

सरांनी वाचला. आकडे, मध्येच इंग्रजी अक्षरं, असा सोळा घरांचा. तो यमुनाबाईंच्या सभ्य वाक्याखालचा नंबर होता. सर तीन वर्षं मुलींना सांगत आले होते, नंबर आला की फॉर्म गेला. यंदाही नंबर आला होता. नोंद घेतल्याचं शुद्ध मराठीत लिहिलं होतं. मग सरांनी शंका घ्यायची ती कशाची?

पूर्णिमानं पहाऱ्याच्या वहीत, म्हणजे अडवलेल्यांची नोंद संगणक ठेवतो तिथे, तो नंबर शोधला. चार जून, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं. शाळेची जोडणी. फॉर्म भरायला लागलेला वेळ : अडतीस सेकंद. अडवला. पत्ता आठवडाभर बंद. त्याखाली तेरा ओळी, सगळ्या अडवलेल्या.

"सर," तिचा पुण्यातला दहा वर्षांचा आवाज एकदम गावाकडे गेला, "अडतीस सेकंदात फॉर्म कसा भरला तुम्ही?"

सरांना हे कौतुक वाटलं. "अगा, लाइटीचा काय भरोसा? म्या आठ दिवस आधीच पोरींची माहिती एका फायलीत लिवून ठेवली. मार्कशीट वाटायच्या दिवशीच पोरी शाळेत येतात, मग कोण सापडते? आठ कम्प्युटर चालू केले, अन् उचलून उचलून नुसतं चिकटवलं. दहा मिनिटांत खेळ खतम."

"आणि मोबाइल नंबर?"

"माझाच. पोरींकडं कुठं हाय मोबाइल?"

म्हणजे जे जे यंत्र करतं ते ते सगळं सरांनी, लाइट जायच्या आत मुलींची सोय लावायची म्हणून, मन लावून केलं होतं. पूर्णिमा खुर्चीत मागे टेकली. निळ्या शाईतले नऊ फॉर्म तिनं पाहिले नव्हते, पण ती गोष्ट यमुनाबाईंनी तिला निदान वीस वेळा ऐकवली होती.

तिनं सरांना सगळं सांगितलं. मग सर म्हणाले, "अन् ते नोंद घेतली, नोंद घेतली, ते काहून लिवलं मग?"

याचं उत्तर तिच्याकडे होतं, पण तिनं यमुनाबाईंचं नाव घेतलं नाही. "सर, फाइल आहे ना अजून? शाळेत बसून राहा. मी दार उघडते, मग सगळे परत भरा. पाचच्या आत."

आता दार उघडणं म्हणजे काय मोठं? तिनं शाळेचा पत्ता बंद यादीतून काढला. सरांनी पहिला फॉर्म भरला, पुन्हा तेच सभ्य वाक्य. शाळेतली लाइट मध्ये जाऊन आली होती, आणि तिथल्या जोडणीला दर वेळी नवा पत्ता मिळतो. नवा पत्ता, नवा अडतीस सेकंदांचा फॉर्म, नवी बंदी. तिनं तो पत्ता सोडवला आणि सेकंदांचा नियम सैल केला. सरांनी भरला. आता मोबाइल नंबर आडवा आला : हा नंबर याआधी चौदा वेळा संशयित.

"सर, थांबा. काही भरू नका. मी आधी स्वतः भरून बघते."

इथे तिनं घाई केली. चुका शोधण्याचा पगार घेणाऱ्या बाईनं करू नये अशी. मोबाइलचा नियम काढण्याऐवजी तो नेमका कुठे अडतो हे पाहायला तिनं कंपनीच्या संगणकावरून सरांचाच नंबर घालून तीन खोटे फॉर्म धडाधड टाकले. पहिल्यापासूनच पडद्यावर अक्षरं उमटली : 'आपल्या विनंतीची नोंद घेण्यात आली आहे.' पाळलेल्या कुत्र्यानं मालकिणीचीच पोटरी धरावी, तसं झालं. कंपनीतली चार हजार माणसं बाहेरच्या जगात एकाच पत्त्यानं जातात. तो पत्ता आता आठवडाभर बंद, आणि पहाऱ्याची कळही त्याच पत्त्यावरून फिरत होती.

साडेबारा वाजले होते. कळ फिरवायची दुसरी जागा म्हणजे शनिवार पेठ. हिंजवडीहून भर दुपारी शनिवार पेठ गाठायची म्हटलं तर पूल, खड्डे, कंपन्यांच्या बसगाड्या, आणि रिक्षावाल्याची इच्छा. तिनं यमुनाबाईंना फोन केला.

यमुनाबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. मंडईतून लिंबं घेऊन नुकत्याच घरी आल्या होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी पहिला प्रश्न केला, "माझ्या वाक्यामुळे?"

"नाही बाई. माझ्या नियमांमुळे."

"मी वाक्याबद्दल विचारलं."

"...वाक्यामुळे पण."

"मग दहा मिनिटांत कार्यालयात पोचते. लिंबं फ्रीजमध्ये टाकू दे."

कार्यालयात अनंतराव डबा उघडून बसले होते. यमुनाबाईंनी त्यांना संगणकासमोरून उठवलं. "अनंतराव, उठा. चौदा मुली दाराबाहेर उभ्या आहेत."

अनंतरावांनी दाराकडे पाहिलं. "कोणी नाही बाई."

"तेच तर सांगतेय."

हिंजवडीत पूर्णिमा जिन्यात येऊन बसली, मांडीवर लॅपटॉप, कानाला फोन. वर काचेच्या खोलीत तिचा वरिष्ठ दिग्विजय घड्याळ बघत होता. दोनच्या बैठकीत तपासणीचा अहवाल तिनं मांडायचा होता.

"बाई, पासवर्ड सांगते. अनंतराव जवळ आहेत का?"

"आहेत. बिनधास्त सांग. त्यांना स्वतःचा आठवत नाही."

तिनं सांगायला सुरुवात केली. मोठं क्यू, छोटं एम, सात, उद्गारचिन्ह. अकराव्या अक्षराला यमुनाबाई थांबल्या. "हा पासवर्ड आहे की विष्णुसहस्रनाम?"

"बाई, निम्मा झालाय."

"तुझ्या आईनं तुझं नाव तीन अक्षरी ठेवलं ते किती बरं केलं."

चूक झाली, परत. पुन्हा चूक, परत. तिसऱ्यांदा चुकलं असतं तर पहाऱ्यानं शनिवार पेठही बंद केली असती, हे पूर्णिमानं मुद्दामच सांगितलं नाही. तिसऱ्यांदा यमुनाबाईंनी चष्मा बदलला, आणि कळ उघडली.

मग अडीच तास जे चाललं त्याला काम म्हणायचं की भांडण, ते ज्याचं त्यानं ठरवावं. पूर्णिमा सांगे, डावीकडे वरून चौथं. यमुनाबाई म्हणत, डावीकडे तीनच आहेत. खाली सरकवा, असं पूर्णिमा सांगे. यमुनाबाई विचारत, कोणाला, संगणकाला? अनंतराव मधूनच म्हणत, "बाई, उंदीर इकडे ओढा." त्यावर यमुनाबाई त्यांना डबा संपवायला सांगत. एकदा चुकून सगळीच वेबसाइट बंद पडली, आणि सहा मिनिटं महाराष्ट्रातल्या एकाही मुलीला ती दिसली नाही. त्या सहा मिनिटांत पूर्णिमा एक शब्द बोलली नाही, तेव्हा यमुनाबाई पहिल्यांदा घाबरल्या. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं काढली होती त्यांनी. गप्प झालेल्या विद्यार्थिनीचं भांडं फुटायच्या बेतात असतं, हे त्यांना पाठ होतं.

"पूर्णिमा, ओरड हवं तर. पण बोल."

"बाई, उजवीकडे एक हिरवं बटण आहे. तेवढंच दाबा. दुसरं काहीही, काहीही दाबू नका."

वेबसाइट परत आली. दोनची बैठक सुरू झाली होती. दिग्विजय जिन्याच्या तोंडाशी येऊन म्हणाला, "पूर्णिमा, क्लायंट वेटिंग आहे यार. काय चाललंय?"

"दहा मिनिटं."

"हे तू एक वाजता पण बोललीस."

ती गेली नाही. तिचा अहवाल दुसऱ्या कोणी तरी मांडला, आणि तो वाईट मांडला गेला.

साडेतीनला सगळे नियम उठले. पूर्णिमानं सरांना फोन केला आणि जरा ओरडूनच सांगितलं, "सर, आता भरा. चिकटवा, उडवा, काहीही करा. फक्त भरा!"

तोवर आरमोरीकडे लाइट गेली होती. सरांनी मोबाइलवरून जोडणी घेतली, गावातल्या फोटोवाल्याकडची बॅटरी आणली, आणि चार वाजून दहा मिनिटांनी पहिला फॉर्म शनिवार पेठेत उतरला. यमुनाबाईंनी नाव मोठ्यानं वाचलं. अनंतराव वहीत लिहू लागले. संगणकावर उमटलेलं पुन्हा वहीत कशाला, असं विचारायला कोणालाच वेळ नव्हता. दुसरा. तिसरा. दर फॉर्मला पालकांचं सहीचं संमतिपत्र जोडावं लागे, तेही सरांनी फोटो काढून फायलीत ठेवलेलं होतं. चार पंचेचाळीसला दहा झाले, चार चोपन्नला तेरा.

"चौदावी?" यमुनाबाईंनी विचारलं.

फोनवर पूर्णिमा, पूर्णिमाच्या दुसऱ्या फोनवर सर. सरांचा आवाज दोन फोनांतून गाळून आल्यासारखा येत होता. "ते शकूचं. शकू भोयर. तिची माहिती माझ्या फायलीत नाही जी. ती म्हणे, माझा फॉर्म मीच भरीन. कोपऱ्यातल्या कम्प्युटरवर बसली, शेजाऱ्याचा मोबाइल नंबर टाकला अन् एकेक अक्षर शोधून भरला. संमतिपत्राचा कागद घेऊन गेली घरी."

पूर्णिमानं सकाळीच उतरवून घेतलेल्या त्या चौदा ओळी पुन्हा पाहिल्या. चौदावी ओळ. लागलेला वेळ : बावीस मिनिटं. तिच्या सगळ्या नियमांत बसणारी, यंत्राचा वारासुद्धा न लागलेली एकच मुलगी. फक्त तिचा संगणक त्याच खोलीत होता. पहाऱ्याच्या वहीत तिचं नावही नव्हतं. नुसती वेळ, पत्ता, आणि नंबर.

"तिला बोलावता येईल का सर?"

"माय-लेकी मावशीकडं गेल्या, नदीच्या पल्याड. तिकडं रेंज नाही."

पाच वाजले. खिडकी आपोआप बंद झाली. ते काम पूर्णिमानं फार चोख करून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, तारीख म्हणजे तारीख. यमुनाबाई म्हणाल्या, मुलगी चार तारखेला आली होती, आपण तिला दारातून हाकललं आणि वर नोंद घेतली म्हणून सांगितलं. ते वाक्य माझं आहे, हवं तर इतिवृत्तात लिहा. अध्यक्ष म्हणाले, असं कसं प्रत्येकीसाठी. यमुनाबाई म्हणाल्या, प्रत्येकीसाठी नाही, एकीसाठी. अर्ध्या तासानं ठरलं : एक खाट वीस तारखेपर्यंत अडवून ठेवायची. तोवर शकूच्या वडिलांची नव्या तारखेची सही असलेलं संमतिपत्र आलं तर जागा तिची, नाही तर प्रतीक्षायादीतल्या पहिल्या मुलीची. बाकीच्या तेरांपैकी सात जणींना जागा मिळाली. त्यांनी पेढे वाटले असतील, पुण्यापर्यंत पोचले नाहीत.

सरांना दुसऱ्या दिवसापासून चंद्रपूरला शिक्षकांच्या प्रशिक्षणाला जायचं होतं. निघता निघता त्यांनी पूर्णिमाला सांगितलं, "म्या तिच्या घरी निरोप ठेवतो. पण नुसत्या निरोपानं बाप हालणार नाही. पहिल्यांदाच सही करायले त्यानं महिना घेतला. मंडळाच्या शिक्क्याचं पत्र घेऊन कोणी तरी समोर बसलं पाहिजे, तर तो सही करीन."

"मी जाते," पूर्णिमा म्हणाली. आधी 'नाही' न म्हणता. शनिवारी ती चार दिवस घरी जाणारच होती, रजा मंजूर होती. शकूचं गाव तिच्या गावापासून नऊ किलोमीटरवर.

यमुनाबाईंनी गुरुवारी संध्याकाळी पत्र लिहिलं. तीन वेळा लिहिलं, कारण आता स्वतःच्या सभ्य वाक्यांची त्यांना भीती बसली होती. शेवटी सरळ लिहिलं : तुमच्या मुलीनं फॉर्म वेळेत भरला. चूक आमची झाली. खाट ठेवली आहे, सही पाठवा. शिक्का मारला, पाकीट बंद केलं आणि अनंतरावांकडे दिलं. "शुक्रवारी संध्याकाळी पूर्णिमा येईल. तिला द्या."

शुक्रवारी दुपारी दिग्विजयनं पूर्णिमाची रजा रद्द केली. बुधवारच्या बैठकीत जे बिघडलं होतं ते निस्तरायला सगळ्या टीमला शनिवार-रविवारी बोलावलं होतं, आणि बिघडवलं कोणी हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं यमुनाबाईंना मेसेज केला, 'बाई, माझं जाणं लांबलं.' पुढच्या शनिवारी जाते, हा त्याचा तिच्या मनातला अर्थ. पुढच्या शनिवारी वीस तारीख होती, हे तिनं कॅलेंडर समोर असून पाहिलं नाही.

यमुनाबाईंनी मेसेज रविवारी वाचला. त्यांना वाटलं, शहाणी मुलगी आहे, पत्र पोस्टानं तरी धाडलं असेल. पूर्णिमाला वाटलं, मी येत नाही हे कळलंय म्हटल्यावर बाई स्पीडपोस्ट केल्याशिवाय राहणार नाहीत. अनंतरावांना काही वाटण्याचा प्रश्न नव्हता. त्यांना पूर्णिमाला द्या म्हणून सांगितलं होतं, आणि पूर्णिमा आली नव्हती. एकीनं दुसरीला फोन करायचा, एवढंच काम होतं.

एकवीस तारखेला रविवार होता. सोमवारी खाट प्रतीक्षायादीतल्या मुलीला दिली. चांगली मुलगी आहे, तिचा काही दोष नाही. त्या दुपारी अनंतरावांनी खण आवरायला काढला आणि ते पाकीट वर धरून विचारलं, "बाई, पूर्णिमा आली नाही अजून. हे ठेवू की टाकू?"

यमुनाबाईंनी पूर्णिमाला फोन लावला. दोघींनी एकमेकींना एकाच वेळी 'मला वाटलं' असं म्हटलं आणि दोघी थांबल्या.

"मी या शनिवारी जाते," पूर्णिमा म्हणाली. "निदान भेटून सांगते तिला."

"काय सांगशील?"

यमुनाबाईंनी पाकीट घरी नेलं. तो शनिवार गेला, त्यापुढचे तीनही गेले. नियम पूर्णिमानं बदललेत, वाक्यही बदललंय. आता तिथे सरळ लिहिलंय, 'तुमचा फॉर्म आमच्याकडे आलेला नाही, या नंबरवर फोन करा', आणि खाली यमुनाबाईंच्या घरचा नंबर आहे. दिवसाला पाच-सहा फोन येतात, बहुतेक जणांना प्रवेश नको असतो, मेसचे दर हवे असतात. शकूच्या घरी अजून कोणी गेलेलं नाही. सरांना तिच्याबद्दल विचारायचं, ते 'तू विचार, तुम्ही विचारा' करत दोघींनी अजून विचारलेलं नाही.